दहा समभागांच्या मालकाने मालकी कशी गाजवावी

डिमॅट खात्यात एखाद्या कंपनीचे दहा समभाग नुकतेच जमा झालेल्या नवमालकाने आपली मालमत्ता पाहून येण्यासाठी कारखान्याच्या फाटकाशी जाण्याचा मोह आवरावा. कारण समभागाने, म्हणजे मतदानाचा आणि उरल्यासुरल्या नफ्यातील वाट्याचा हक्क देणाऱ्या भांडवलाच्या अंशाने, कंपनीत हिस्सा मिळतो, तिच्या यंत्रांत वा चहाच्या किटलीत नव्हे. चहाचा विषय तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चहा कंपन्यांचे ६० टक्के उत्पन्न शेतीचे म्हणून केंद्रीय आयकरातून वगळले जात असल्याने त्यांच्याकडून मिळालेल्या लाभांशाचाही तेवढाच भाग करमुक्त धरावा, हे भागधारकाचे म्हणणे १९५४ साली बाचा गझदर खटल्यात फेटाळले गेले: मळा कंपनीचा, भागधारकाचा नव्हे.

लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकांना वाटली जाणारी रक्कम, किती असावा याची शिफारस संचालक मंडळ करते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील नमुना नियमावलीनुसार भागधारकांच्या सभेला ती मान्य करता येते, पण वाढवता येत नाही. स्वतःच्या पदरात कमी पाडून घेण्याचे स्वातंत्र्य मात्र मालकांना अबाधित आहे.

खरी मालकी वार्षिक सर्वसाधारण सभेत गाजवावी. सभेची सूचना किमान २१ दिवस आधी येते, तिच्यासोबत जाडजूड अहवाल येतो, आणि तो मागून पुढे वाचावा, कारण हसरी छायाचित्रे पुढे असतात व न्यायालयीन दावे मागच्या टिपांत. बोलण्याची संधी मिळाल्यास प्रथेनुसार अहवाल वेळेवर पाठवल्याबद्दल कंपनी सचिवांचे अभिनंदन करावे, बोनस शेअरची मागणी करावी, कारखान्याची सहल सुचवावी (फाटकातून आत जाण्याचा हाच काय तो राजमार्ग) आणि सर्व ठरावांना पाठिंबा जाहीर करावा. मतदान समभागांच्या प्रमाणात होते, त्यामुळे दहा मते एकगठ्ठा विरोधात टाकली तरी प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी स्थापून तिचे नियंत्रण राखणाऱ्यांची, झोप उडत नाही. असाधारण सभा बोलावण्याची मागणी करायची तर मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा एक दशांश भाग गाठीशी लागतो.

कंपनी बुडालीच, तर तिच्या विक्रीतून आलेला पैसा आधी प्रक्रियेच्या खर्चाला, मग कामगार व तारणधारक धनकोंना, पुढे इतर देणेकऱ्यांना, सरकारला आणि अग्रहक्क भागधारकांना मिळतो. समभागधारकाचा क्रमांक शेवटचा. पूर्ण भरणा केलेल्या समभागांवर कंपनीच्या कर्जापायी त्याच्या घरावर टाच येत नाही, ही सवलत त्याने घरी अवश्य सांगावी, मात्र समभागांचा भाव विचारला जाण्यापूर्वी.