आधी ब्रेक, मग तत्त्वज्ञान

चालकाविना धावणाऱ्या गाडीने ऐन वेळी कुणाला चिरडावं, म्हाताऱ्या आजीला की शाळकरी पोराला? हा प्रश्न आता बंद करा. वर्गात, कंपन्यांच्या प्रशिक्षणात, वाहिन्यांवरच्या चर्चांत तो वर्षानुवर्षं चघळला गेला. रस्त्यावरच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट खरे प्रश्न त्याच्या आड दडून राहिले.

प्रश्नाचं मूळ चांगलं आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये गर्भपातावरच्या एका निबंधात ते मांडलं. ट्राम बेफाम सुटली आहे. सरळ गेली तर पाच कामगार मरतात, दुसऱ्या रुळावर वळवली तर एक. मारणं आणि मरू देणं यांत नैतिक फरक काय, हे तपासायला फूट यांना असं उदाहरण हवं होतं आणि त्या कामाला ते चोख आहे. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच पेच स्वयंचलित गाड्यांना लावला. २०१६ मध्ये त्यांनी ‘मॉरल मशीन’ नावाची ऑनलाइन चाचणी सुरू केली. २३३ देश-प्रदेशांतून जवळपास चार कोटी उत्तरं आली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आले. कुठल्या देशातले लोक कुणाला आधी वाचवतात, यावर जगभर लेख लिहिले गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये स्वयंचलित गाडीच्या धडकेने पहिल्यांदा एका पादचाऱ्याचा जीव गेला होता. आणि त्या अपघातात निवड करण्यासारखं काही नव्हतंच.

१८ मार्च २०१८. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टेंपी शहर, रात्रीचे दहा वाजायला आलेले. ४९ वर्षांची एक स्त्री सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. झेब्रा पट्टे शंभरेक मीटर लांब होते. उबरने चाचणीसाठी रस्त्यावर आणलेली व्होल्व्हो गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आली आणि तिला धडकली. रस्ता मोकळा होता. कुणा दुसऱ्याचा जीव पणाला लागलेला नव्हता. ब्रेक लागायला हवा होता, एवढंच.

का लागला नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सेकंदा-सेकंदाच्या हिशेबाने सांगितलं. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला ती दिसली. म्हणजे गाडी शंभर मीटर मागे असताना. यंत्रणेने तिला आधी ‘वाहन’ ठरवलं, मग ‘इतर वस्तू’, पुन्हा ‘वाहन’, मग ‘सायकल’. प्रत्येक वेळी शिक्का बदलला की ती कुठून कुठे सरकते आहे याची आधीची नोंद पुसली जाई आणि हिशेब नव्याने सुरू होई. ‘पादचारी’ हा शिक्का तिला एकदाही लागला नाही. कारण झेब्रा पट्ट्यांबाहेर माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता यंत्रणेत धरलेलीच नव्हती. धडक अटळ आहे हे १.२ सेकंद आधी कळलं, तर पुढचा एक सेकंद काहीही न करण्याची सूचना सॉफ्टवेअरमध्ये होती. गाडी उगाच कचकचून ब्रेक मारू नये म्हणून घातलेली.

आणि व्होल्व्होचे स्वतःचे आपत्कालीन ब्रेक? ते कारखान्यातूनच बसवून आले होते. उबरची यंत्रणा गाडी चालवत असताना ते बंद ठेवले जात. ते चालू असते तर काय झालं असतं, हे व्होल्व्होने नंतर संगणकावर तपासलं. २० पैकी १७ प्रकारांत धडक टळली असती.

गाडीत पूर्वी दोन माणसं बसत. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीने एक कमी केला. उरलेल्या एकट्या चालिकेने यंत्राकडे तासन्‌तास टक लावून बसायचं, आणि यंत्र चुकलं तर क्षणात सावध व्हायचं. त्या रात्री तिची नजर मोबाइलवरच्या कार्यक्रमाकडे होती. हा तिचा दोष खराच. पण यंत्र बरं चालत असलं की त्यावर नजर ठेवणारा माणूस सुस्तावतो, हे विमानचालनात कित्येक दशकं माहीत आहे. माहीत असूनही डोळ्यांची दुसरी जोडी काढून घेतली, हाही एक निर्णय होता.

आता नीतिशास्त्र लावा. घ्या हवा तो सिद्धांत.

बेंथम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करा. एका पारड्यात प्रवाशाला बसणारे झटके आणि एका माणसाचा पगार, दुसऱ्यात रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव. हिशेबाला कागदही लागत नाही. कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. टेंपीच्या रहिवाशांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या रस्त्याची प्रयोगशाळा झाली आणि त्यांच्यावर प्रयोग झाले. जॉन रॉल्स सांगतो की नियम ठरवताना आपण समाजात कुठल्या जागी असू हे ठाऊक नाही असं धरून ठरवा. बैठकीच्या खोलीत असू, चालकाच्या जागी असू, की रात्री दहाला सायकल ढकलत असू? हे ठाऊक नसताना ब्रेक बंद ठेवायला कोण हो म्हणेल? ॲरिस्टॉटल विचारील की शहाणा, धीराचा माणूस इथे कसा वागला असता. अपघाताच्या काहीच दिवस आधी कंपनीतल्या एका व्यवस्थापकाने वरिष्ठांना ईमेल लिहून धोक्याचा इशारा दिला होता. शहाणपण आणि धीर दोन्ही इमारतीत हजर होते. ऐकणारं कुणी नव्हतं.

चार सिद्धांत, एकच उत्तर. हे नीट लक्षात घ्या, कारण धंद्यात उलटं सांगितलं जातं. ‘नैतिक प्रश्न गुंतागुंतीचे असतात, तत्त्ववेत्त्यांचंही एकमत होत नाही, मग आम्ही काय करणार?’ ही पळवाट आहे. ट्रामच्या कोड्यात तत्त्ववेत्ते भांडतात, कारण ते कोडं भांडण लागावं म्हणूनच रचलेलं आहे. सुरक्षेची सोय असून ती बंद ठेवावी का, यावर त्यांचं भांडण नाही. कंपन्यांपुढे रोज येणारे बहुतेक प्रश्न या दुसऱ्या जातीचे असतात.

कंपनीची बाजूही मांडू. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं रस्त्यावर मरतात आणि त्यातले बरेच अपघात माणसाच्या चुकीने होतात. यंत्र चांगलं झालं तर लाखो जीव वाचतील, आणि ते चांगलं व्हायला रस्त्यावर चाचणी लागणारच. प्लास्टिकची पिशवी उडाली म्हणून ब्रेक मारणारी गाडीही धोक्याचीच. मागची गाडी येऊन आदळते. उबरचं आणि व्होल्व्होचं रडार एकमेकांत गोंधळ घालतील म्हणून व्होल्व्होची यंत्रणा बंद ठेवली, हेही कारण खोटं नाही.

सगळं मान्य. मग तो गोंधळ सुटेपर्यंत गाडी बंद आवारात फिरवायची होती. उद्या वाचणाऱ्या लाखोंचा हिशेब आजच्या बंद ब्रेकवर अवलंबून नव्हता. पुरावा हवा? अपघातानंतर कंपनीने तो एका सेकंदाचा थांबा काढला, व्होल्व्होचे ब्रेक चालू केले, गाडीत पुन्हा दोन माणसं बसवली आणि पादचारी कुठेही रस्ता ओलांडू शकतो हे यंत्रणेला शिकवलं. डिसेंबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या रस्त्यांवर चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. नऊ महिन्यांत सगळं जमलं. म्हणजे ते आधीही जमण्यासारखं होतं.

शिक्षा कुणाला झाली? कंपनीवर फौजदारी गुन्ह्याला आधार नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये जाहीर केलं. खटला उभा राहिला तो चालिकेवर. २०२३ मध्ये तिने कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. ज्यांनी दुसरा माणूस काढला, ब्रेक बंद ठेवले, थांबा घातला, त्यांतल्या एकावरही खटला झाला नाही.

ही एका कंपनीची कथा असती तर सोडून दिली असती. बोइंग ७३७ मॅक्स आठवा. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही यंत्रणा. वाऱ्याशी विमानाचा कोन मोजणारे दोन सेन्सर विमानावर होतेच, पण एमकॅस एका वेळी एकाचंच ऐके. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा खुलासा नव्हता. नव्या विमानासाठी वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवावं लागू नये, हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान पडलं, १८९ गेले. त्याचा कॅप्टन दिल्लीचा होता. त्यानंतर अमेरिकेच्या विमान नियामकाने अंदाज काढला की दुरुस्ती झाली नाही तर या विमानांच्या आयुष्यात आणखी पंधरा-एक जीवघेणे अपघात होऊ शकतात. तरीही विमानं उडत राहिली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दुसरं पडलं, १५७ गेले. टेंपीत ब्रेक गाडीतच होते, इथे दुसरा सेन्सर विमानावरच होता.

हे सगळं मराठीत का सांगायचं? कारण हे निर्णय आता आपल्या घरातली पोरं घेतात. पुण्यात हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात बसून ती देशोदेशींच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितात, तपासतात. आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही आपोआप ब्रेक मारणाऱ्या यंत्रणा येऊ लागल्या आहेत. आणि आपल्या रस्त्यावर झेब्रा पट्टे पाहून कोण चालतं? कर्वे रस्त्यावर संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या बाया, हातगाडीवाला, शाळेतून परतणारी पोरं, सगळे वाट मिळेल तिथून ओलांडतात, कारण पदपथ दुकानांनी खाल्लेला असतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. पादचारी झेब्रा पट्ट्यांवरच असतो असं धरणारी एक ओळ इथे चालून आली, तर तिची किंमत टेंपीपेक्षा किती तरी मोठी असेल.

म्हणून कंपन्यांना एक मागणं आहे. नीतिमत्तेच्या प्रशिक्षणातून ट्रामचं कोडं काढा आणि त्या तासात आपल्याच उत्पादनातल्या बंद ठेवलेल्या सुरक्षा-सोयींची यादी करा. प्रत्येक सोयीपुढे चार गोष्टी लिहा: बंद का, कधीपर्यंत, धोका कुणाच्या माथी, आणि निर्णय कुणाचा. शेवटच्या रकान्यात विभागाचं नाव चालणार नाही, माणसाचं नाव आणि सही हवी. समितीच्या नावाने माणसं जे बिनदिक्कत बंद करतात, ते स्वतःच्या सहीने बंद करताना दहादा विचार करतात.

आणि अभियंत्यांनो, तुमच्यासमोर असा निर्णय आला तर मिल आणि कांट यांच्यात पंच होऊन बसू नका. बहुतेक वेळा त्यांच्यात वाद नसतोच. हरकत लेखी नोंदवा, तारीख घाला, वर पाठवा. नोकरीची भीती खरी आहे, हप्ते डोक्यावर आहेत, हे मला कळतं. म्हणूनच एकट्याने लिहू नका, चौघांनी मिळून लिहा. एकाला गप्प बसवणं सोपं असतं, चौघांच्या सहीचा कागद कपाटात दडपणं अवघड जातं. आणि तो कागद वर पोहोचेपर्यंत ब्रेक चालू राहू द्या.