न दिसणाऱ्या शर्यतीचे निष्ठावंत

प्रेक्षक म्हणजे पाहणारा, ही क्रीडाव्यवहारातील सर्वमान्य समजूत असून फ्रान्समध्ये दर जुलै महिन्यात होणारी ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत तिला सणसणीत अपवाद आहे. कारण या शर्यतीला मैदान नाही, आणि ती पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्या किलोमीटरपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला एकही मनुष्य, खुद्द स्वार धरून, अद्याप जन्माला आलेला नाही. 23 दिवस, त्यांत 21 टप्पे आणि विश्रांतीचे दोन दिवस अशी तिची रचना असते व एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास भरते. टप्पा म्हणजे एका दिवसात कापावयाचा मार्ग; त्याचा विजेता रोज स्वतंत्रपणे जाहीर होत असला तरी संपूर्ण शर्यतीचा विजेता सर्व टप्प्यांना लागलेल्या वेळेच्या बेरजेवरून ठरतो, आणि म्हणून 1990 साली ग्रेग लेमाँड या अमेरिकी स्वाराने एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकली, ही गोष्ट नवख्या प्रेक्षकाला अन्यायाची व मुरलेल्या प्रेक्षकाला सौंदर्याची वाटते. नवखा माणूस असा मुरतो कसा, याचे विवेचन येथे कर्तव्य आहे.

या प्रेक्षकाचे मूळ सायकलीत नसून छापखान्यात आहे. द्रेफ्यूस प्रकरणात, म्हणजे एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप लादल्याच्या वादात, ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाच्या संपादकाने त्या अधिकाऱ्याची बाजू घेतली, तेव्हा दुखावलेल्या जाहिरातदार उद्योगपतींनी प्रतिस्पर्धी दैनिक काढले, जे पुढे ‘लोतो’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचा खप वाढेना, म्हणून संपादक आँरी देग्रांज यांनी जेओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याची सूचना उचलून 1903 साली फ्रान्सला वळसा घालणारी ही शर्यत सुरू केली. तेव्हाचे टप्पे सरासरी चारशे किलोमीटरांचे असत, स्वार रात्रीच्या अंधारातून जात, आणि काय घडले हे जाणून घेण्याचा राजमार्ग दुसऱ्या दिवशीचा अंक विकत घेणे हाच होता. ‘लोतो’चा खप दुपटीहून अधिक झाला व ‘ल व्हेलो’ पुढच्याच वर्षी बंद पडले. न दिसणारी वस्तू विकण्याच्या व्यापाराला, अध्यात्माचे क्षेत्र वगळता, इतके यश क्वचितच लाभले असेल. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्या स्वाराला 1919 सालापासून मिळणारी पिवळी जर्सीदेखील ‘लोतो’च्या पिवळ्या कागदाशी नाते सांगते, म्हणजे ज्या वस्त्रासाठी स्वार हाडे मोडून घेतात ते मुळात जाहिरातीचे पान आहे.

आजच्या प्रेक्षकांचे शास्त्रोक्त वर्गीकरण केल्यास रस्त्याकाठचे आणि पडद्यासमोरचे असे दोन मुख्य वर्ग पडतात. रस्त्याकाठचा प्रेक्षक आल्प्समधील आल्प द्युएझसारख्या घाटात, ज्याची 21 वळणे क्रमांकासह प्रसिद्ध असून सातवे वळण नारिंगी वेशातील डच मंडळींनी वहिवाटीने आपलेसे केले आहे, कित्येक दिवस आधी मुक्कामाची गाडी घेऊन पोहोचतो व जागा धरतो. घाटात स्वार निदान एकेक करून दिसतात. सपाटीवर मात्र पेलोटन, म्हणजे वाऱ्याचा रोध वाटून घेण्यासाठी एकमेकांना चिकटून चालणारा दीडशेहून अधिक स्वारांचा जथा, अर्ध्या मिनिटात समोरून निघून जातो आणि आपला आवडता स्वार त्यात होता की नव्हता, हे प्रेक्षकाला खिशातील फोनवर पाहावे लागते. या अर्ध्या मिनिटाची भरपाई म्हणून 1930 सालापासून स्वारांच्या सुमारे दोन तास आधी प्रायोजकांच्या सजवलेल्या गाड्यांचा तांडा त्याच रस्त्याने नेण्यात येतो व त्यातून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, खाऊच्या पुड्या यांची उधळण होते. एरवी बँकेत किंवा न्यायालयात गांभीर्याने वावरणारे गृहस्थ या वेळी एका कापडी टोपीसाठी परक्या मुलाला कोपराने बाजूला सारताना आढळतात, आणि खरी चुरस पाहावयाची असल्यास ती येथेच पाहावी.

हा वर्ग केवळ घेणारा नाही, देणाराही आहे. तो डांबरी रस्त्यावर रंगाने स्वारांची नावे लिहितो आणि अधूनमधून मानवी देहाच्या एका विशिष्ट अवयवाचे चित्रही काढतो, जे दूरचित्रवाणीवर दिसू नये म्हणून आयोजकांची रंगकर्मी तुकडी पुढे जाऊन त्याचे घुबडात किंवा फुलपाखरात रूपांतर करते. लोककलेला राजाश्रय मिळाल्याचे इतके तातडीचे उदाहरण अन्यत्र सापडत नाही. त्याची आस्था कधी शर्यतीच्या अंगावरही येते. 2016 साली मों व्हाँतू या डोंगरावर गर्दीने रस्ता इतका अडवला की दूरचित्रवाणीची मोटारसायकल थांबली, स्वार तिच्यावर आदळले, आणि सायकल निकामी झालेला ख्रिस फ्रूम पिवळ्या जर्सीसह चक्क पायी धावत सुटला. 2021 साली पहिल्याच टप्प्यात एका व्यक्तीने आजी-आजोबांना उद्देशून लिहिलेला फलक कॅमेऱ्याकडे तोंड व स्वारांकडे पाठ करून धरला आणि त्याला धडकून जथ्याचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. शर्यतीकडे पाठ फिरवून शर्यतीवर सर्वाधिक प्रभाव टाकण्याचा हा प्रकार न्यायालयाने दंडनीय ठरवला असला तरी समीक्षकांमध्ये तो सर्वमान्य आहे.

पडद्यासमोरच्या प्रेक्षकाची साधना याहून खडतर असते, कारण त्याला सपाटीचा टप्पा चार-पाच तास सलग पाहावयाचा असतो आणि त्यात काय होणार हे आधीच ठाऊक असते. आरंभी तीन-चार स्वार पुढे निसटतात; एकूण बेरजेत ते फार मागे असल्यामुळे त्यांना जाऊ दिले जाते व त्यांच्या प्रायोजकाचे नाव दिवसभर पडद्यावर झळकते. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठोकताळ्यानुसार पेलोटन दर दहा किलोमीटरमागे एक मिनिटाची पिछाडी भरून काढते, आणि त्या हिशेबाने हे फरारी शेवटच्या काही किलोमीटरांत पकडले जाऊन निकाल वेगवान स्वारांच्या अखेरच्या धडकेत लागतो. मधल्या तासांत हेलिकॉप्टरमधून किल्ले, मठ, द्राक्षमळे दाखवले जातात आणि शेतकरी ट्रॅक्टर व गवताच्या गाठोड्यांनी शेतात उभारलेली प्रचंड सायकल आकाशाला सादर करतात. मुरलेला प्रेक्षक हा टप्पा कंटाळवाणा म्हणत नाही. ‘संघ शक्ती राखून आहेत’ असे म्हणतो. काहीच न घडणे हा डावपेचाचा भाग आहे असे एकदा ठरले की कोणताही तास वाया जात नाही, आणि या तत्त्वाचा उपयोग करणाऱ्या संसदीय समित्यांनी त्याचे श्रेय सायकलपटूंना अद्याप दिलेले नाही.

भारतीय घड्याळ जुलैतील फ्रेंच घड्याळाच्या साडेतीन तास पुढे असल्यामुळे टप्प्याचा शेवट येथे साधारणपणे रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे ताटे वाढण्याच्या आणि मालिकांच्या वेळी येतो, आणि मराठी घरातील एकट्या सायकलप्रेमीला ‘अजून किती राहिलंय?’ या प्रश्नाचे ‘अकरा दिवस’ हे प्रामाणिक उत्तर द्यावे लागते. त्याला धीर देणारी एकच गोष्ट म्हणजे मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब, जो बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्याला मिळतो. तोच विचार फ्रान्समध्ये पांढऱ्यावर लाल ठिपक्यांच्या जर्सीने व्यक्त होतो, फक्त तेथे घाट अनेक असतात. त्याखेरीज गुणांसाठी हिरवी, तरुण स्वारांसाठी पांढरी, शिवाय सांघिक व झुंजार वृत्तीची बक्षिसे असल्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनाप्रमाणे कोणीही रिकाम्या हाताने घरी जाऊ नये अशी व्यवस्था दिसते. तरीही फ्रेंच प्रेक्षकाचे सर्वाधिक प्रेम रेमों पुलिदोर या स्वाराला लाभले, ज्याने आठ वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळवले आणि पिवळी जर्सी एक दिवसही अंगावर घातली नाही. पाच वेळा शर्यत जिंकणारे त्याचे समकालीन जाक आंकतील यांना हे कोडे कधी रुचले नाही. मुरलेल्या प्रेक्षकाला विजेत्याची गरज नसते, हा निष्कर्ष येथे अटळ ठरतो.

इतिहासानेही या निष्कर्षाला उदारपणे पुरावे दिले आहेत. 1904 साली, म्हणजे दुसऱ्याच शर्यतीत, प्रेक्षकांनी रस्त्यावर खिळे टाकले व नावडत्या स्वारांना मारहाण केली, तर काही स्वारांवर रेल्वेने प्रवास केल्याचा आरोप आला. अखेर पहिले चारही बाद होऊन पाचवा आलेला 19 वर्षांचा आँरी कोर्ने विजेता ठरला, तेव्हा डिसेंबर उजाडला होता. 1998 साली फेस्टिना संघाच्या गाडीत उत्तेजक द्रव्यांचा साठा सापडला आणि संघाला घरी धाडण्यात आले. पुढे लान्स आर्मस्ट्राँगने 1999 ते 2005 या काळात मिळवलेली सातही विजेतेपदे उत्तेजकांच्या सेवनामुळे 2012 साली रद्द झाली आणि ती दुसऱ्या कोणालाही न देता रकाने कोरे ठेवण्यात आले, म्हणजे अधिकृत नोंदीनुसार लक्षावधी लोकांनी सलग सात वर्षे कोणीही न जिंकलेली शर्यत मन लावून पाहिली. नियमावलीत विजय काढून घेण्याची तरतूद आहे, बक्षिसाची रक्कम वसूल करण्याची आहे, कालबाह्य निकाल दुरुस्त करण्याचीही आहे. प्रेक्षकाचे जुलै महिने परत करण्याची मात्र नाही, आणि अभ्यासकांनी विशेष नोंद घ्यावी अशी बाब ही की तसा अर्ज अद्याप एकाही प्रेक्षकाने केलेला नाही.