पाठ कुणाची बघायची?

मोबाइलवर गेम उघडला की लढाई सुरू होण्याआधी एक पडदा येतो. डावीकडं मुलगा उभा, उजवीकडं मुलगी. दोघंही बस चुकलेल्या माणसासारखी या पायावरून त्या पायावर भार देत असतात. वर प्रश्न असतो, की तुम्ही यातलं कोण? बोट लावायचं आणि पुढं जायचं. आमच्या बत्तीस शिराळ्यात हा प्रश्न इतक्या सरळपणे आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. इथं मुलगा की मुलगी हे दवाखान्यातल्या नर्सबाईनं दाराबाहेर येऊन सांगायचं आणि बाकीच्यांनी पेढे आणायचे का बर्फी ते ठरवायचं. त्याआधी विचारलं तर 1994 च्या कायद्यानं गुन्हा होतो, तशी पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लावलेली असते. पाटी उगाच लावलेली नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या पोरांत दर हजार मुलग्यांमागं नऊशे मुलीही न भरलेला आमचा सांगली जिल्हा आहे.

आणि त्याच जिल्ह्यातली मिसरूड फुटलेली पोरं मोबाइल हातात आला की हौसेनं मुलगी निवडतात.

माझा भाचा त्यातलाच. दंड काढून छाती फुगवलेला, रोज पहाटे तालमीत जाणारा. त्याच्या गेममधली बाई मात्र निळ्या केसांची, कमरेला तलवार लावलेली. मी विचारलं, "का रं, तुला गडी मिळाला न्हाई व्हय?" तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "मामा, गेममदी आपला माणूस पाठमोरा असतोय. चार-चार तास गड्याची पाठ कशाला बघायची?"

उत्तर बिनतोड होतं. जगभरातले पुरुष खेळाडू हेच कारण देतात असं मी ऐकून आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनं तमाशाच्या कनातीत पुढची जागा धरायला पैसे मोजले, नातवंडांनी मागची जागा धरायला नेटपॅक मारला. पण खोदून विचारल्यावर दुसरं कारणही बाहेर आलं. गोळीबाराच्या गेममध्ये चार अनोळखी लोकांची टोळी होते. त्यात बाई दिसली की बाकीचे तिघं औषधं देतात, चांगली बंदूक देतात, ती पडली तर गोळ्या चुकवत उचलायला धावतात. गडी पडला तर म्हणतात, मर तिकडं.

ही चैन भाच्यानं बरेच दिवस केली. मग एका संध्याकाळी माइक चुकून चालू राहिला आणि टोळीतल्या तिघांना गोठ्यातनं आलेला माझ्या बहिणीचा आवाज ऐकू गेला, "आरं ए, म्हशीला पेंड घातलीस का न्हाई?" त्यावर निळ्या केसांच्या बाईनं तालमीतल्या घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं, "घालतो की गं!" तिघंही तिला तिथंच टाकून निघून गेले.

भाचीचं बरोबर उलटं. ती अकरावीत आहे आणि निशाणा भाच्यापेक्षा चांगला मारते, हे भाच्यापुढं बोलायचं नसतं. ती गडी घेते. साधा, टक्कल केलेला, मळक्या अंगरख्याचा. नावही असलं ठेवलंय की वाचून पैलवान वाटावा. माइक कायम बंद. मला वाटलं, हीसुद्धा पाठीचंच काही कारण सांगेल. ती म्हणाली, "मामा, मुलगी घेतली की 'हाय' येतंय. मुलगा घेतला की नुसतं 'कव्हर दे' येतंय."

या एका वाक्यानंतर मला त्या पडद्यावरचा प्रश्न वेगळा दिसायला लागला. तुम्ही कोण आहात हे तो विचारतच नाही. लोकांनी तुमच्याशी कसं वागावं, एवढंच विचारतो. भाच्याला लाड हवे होते, त्यानं बाई घेतली. भाचीला निवांतपणा हवा होता, तिनं गडी घेतला. महाभारतातल्या अर्जुनाचं तरी काय वेगळं होतं? अज्ञातवासाचं वर्ष काढायचं, तर जिथं कुणी गांडीवधारी शोधायला येणार नाही अशा रूपात राहायला हवं. तो बृहन्नडा झाला, विराटाच्या अंतःपुरात उत्तरेला नाच शिकवत बसला. भाचीनं अर्जुनाची युक्ती उलटी करून वापरली, इतकंच.

तसं पाहिलं तर भाच्याच्या हौसेला आमच्या जिल्ह्यात दांडगी परंपरा आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत संस्थानिकांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे आम्ही पाहुण्यांना चहाआधी सांगतो. त्या खेळातली सीता पुरुषपात्रानंच केलेली होती, हे चहानंतरही सांगत नाही. पुढं साठेक वर्षांनी, 1905 मध्ये, मिरजेला किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. राजहंसांचं गाव नागठाणे, आमच्याच जिल्ह्यातलं, कृष्णेकाठचं. त्यांनाच महाराष्ट्र बालगंधर्व म्हणतो. भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा भूमिका त्यांनी केल्या आणि घरंदाज बायका थिएटरातून घरी येऊन त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखे दागिने घडवून मागू लागल्या. बाईनं कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडं पाहून शिकत होत्या आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

मात्र भाच्यात आणि बालगंधर्वांत (हे दोन शब्द एका वाक्यात आले याबद्दल रसिकांनी क्षमा करावी) गाण्याखेरीज आणखी एक फरक आहे. थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की पदराआड नारायणराव आहेत. ते माहीत असूनही विसरायला होतं, यातच तिकिटाचे पैसे वसूल होत. गेममध्ये सगळी मजा कुणाला माहीत नसण्यात आहे. म्हशीची पेंड मध्ये आली की खेळ संपला. बालगंधर्वांच्या नाटकात विंगेतून कुणी पेंडीची चौकशी केली असती, तरी प्रेक्षकांनी त्यालाच दटावून गप्प केलं असतं.

भाचीच्या बाजूलाही परंपरा आहे, ती सांगायला आम्हाला उशीर लागतो इतकंच. कांताबाई सातारकर तमाशाच्या फडावर गाजल्या. 2021 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या लावण्या लोकांनी डोक्यावर घेतल्याच, पण वगात या बाईनं छत्रपती शिवाजी महाराज उभे केले. ज्या भागात महाराजांच्या पुतळ्याची दाढी जरा इकडंतिकडं झाली तरी मोर्चा निघतो, त्या भागातल्या गावोगावच्या जत्रांतल्या लोकांनी हे महाराज मान देऊन पाहिले. सोंग मनापासून वठवलं की आमचा माणूस वेष कुणी घेतलाय ते बघत नाही. वाईट वठवलं तर मात्र तो खालून दगड मारायलाही कमी करत नाही.

सोंगाची किंमत मोजावी लागली ती तमाशात बायकी हावभाव करणाऱ्या नाच्याला. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी सिनेमात तो असा काही रंगवला की त्या भूमिकेचा शिक्का आयुष्यभर पुसला गेला नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा तर अंगापिंडानं पैलवान, राजा व्हायचं स्वप्न बघणारा, आणि फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. 2010 मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, तेव्हा आमच्याकडच्या तालमीतली पोरं घोळक्यानं बघायला गेली आणि येताना जरा गप्प होती. टाळ्या वाजवणारे लोकच दुसऱ्या दिवशी रस्त्यात हसतात, हे त्यांना कळलं असावं. भाच्याला असलं काही सोसावं लागत नाही. त्याचं बाईपण बॅटरीबरोबर संपतं आणि तो शर्टाच्या बाह्या वर करून दूध घालायला डेअरीवर जातो. हे बरं झालं का त्यातलं काही हरवलं, यावर मी अजून ठाम नाही. फुकट मिळालेल्या सोंगात माणूस फार खोल उतरत नाही, असं मला वाटतं खरं. पण मग भाची आठवते. ती खोल उतरायला मुळी गेलेलीच नाही, तिला निशाणा मारू द्यावा एवढंच तिचं मागणं आहे.

शिराळ्याचं नाव निघालं की नाग येणारच. गोरखनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले, तेव्हा घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा घालायला उशीर झाला. जिवंत नागाची पूजा करशील का, असं नाथांनी विचारलं, ती हो म्हणाली आणि गावाला नागपंचमी मिळाली, असं आमच्याकडं सांगतात. इथं नाग हा भाऊ. बायका त्याचा उपास धरतात आणि त्याला ओवाळतात. पुढं उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या आणि ओवाळणी प्रतिमेपुढं होऊ लागली. पण नागाच्या जातीत नर कोणता आणि मादी कोणती, हे वरवर बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणजे गावानं पिढ्यान्‌पिढ्या ओवाळलेल्या भावांत बहिणी किती होत्या, ते नाथांनाच ठाऊक. तिकडं सिनेमावाल्यांनी त्याच जिवाची नागीण केली, तिला हिरवे डोळे दिले आणि सूड घ्यायला पाठवलं. गाव म्हणतं भाऊ, सिनेमा म्हणतो बाई. दोन आकृत्या दाखवून नागाला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं 'मला सोडा' असं तिसरंच बटण मागितलं असतं.

निवडीच्या पडद्यावर ज्याला आपण बोट लावत नाही, त्याचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. बहुतेक गेममध्ये काहीच होत नाही, तो बिचारा तिथंच भार बदलत उभा. पण काही गेमवाल्यांनी याचा विचार केलाय. 2018 च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'त बहीण-भाऊ समोर येतात. तुम्ही बहीण घेतली तर न निवडलेला भाऊ पुढं शत्रू होऊन तलवार काढून येतो, भाऊ घेतला तर बहीण येते. प्राचीन ग्रीसमधली गोष्ट आहे म्हणे, पण ज्यांच्या घरी जमिनीच्या वाटण्या झाल्यात त्यांना ती न सांगताही कळते. 2020 मध्ये पुण्याच्या एका कंपनीनं 'राजी' नावाचा गेम काढला. त्यात निवड नाहीच. सर्कशीत वाढलेली राजी ही मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत सांगतात. भावासाठी उपास धरणाऱ्या गावाला हा गेम परका वाटू नये.

त्याच वर्षी आलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' सध्या आमच्या सोप्यात चालू आहे. त्यात जुळी भावंडं असतात. तुम्ही एकाला निवडलंत की कुणी अनोळखी देवी दुसऱ्याला घेऊन जाते, आणि मग सगळा गेमभर तुम्ही त्या न निवडलेल्याला शोधत डोंगरदऱ्या पालथ्या घालता. भाच्यानं आपल्या रिवाजाप्रमाणं बहीण घेतली, भाचीनं भाऊ. म्हणजे एकाच घोंगडीवर शेजारी बसून भाचा बहीण होऊन हरवलेल्या भावाला शोधतोय, आणि भाची भाऊ होऊन हरवलेल्या बहिणीला. एरवी हीच दोघं एकमेकांचा चार्जर लपवून ठेवतात.

परवा आईनं विचारलं की तुम्ही दोघं सारखं शोधताय तरी काय? तिला जुनाट गोष्टींचा तिटकारा आणि नव्या गोष्टींची खोड आहे. भाचीनं तिच्यासाठी नवं खातं उघडलं आणि तो पडदा समोर धरला.

"आज्जी, ह्यातलं कोण घ्यायचं तुला?"

आईनं चष्मा पदरानं पुसला. दोघांना नीट न्याहाळलं. सून बघायला गेल्यावर लावते तशी मान कलती करून मुलीच्या उघड्या पायांकडं बघितलं, पण त्यावर काही बोलली नाही. मग म्हणाली, "सैपाक कुणाला करायला लागतोय?"

"दोघांनाबी," भाची म्हणाली. "कुणीबी घे, चुलीजवळ उभं ऱ्हायलाच लागतंय. आन् येळ साधली न्हाई तर पदार्थ बिघडतोय."

"गड्यालाबी?"

"गड्यालाबी."

आई बराच वेळ विचार करत होती. साठ वर्षं चूल सांभाळलेल्या बाईपुढं असा पर्याय पहिल्यांदाच आला होता.

"मग गडीच घे," ती म्हणाली. "कसा करतोय बघती."

फोन भाच्याकडं गेला. खेळाचं सुरुवातीचं सगळं उरकून त्यानं गड्याला चुलीपुढं उभं केलं, घाईघाईनं बटण दाबलं आणि पहिलाच पदार्थ बिघडवला. आई पुढं सरकली आणि पडद्यावरच्या गड्यालाच विचारलं, "मीठ घातलास का?"