हेडलाईटकाका

पुणे, ठाणे किंवा नाशिकमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी गेलात, तर दोन गाड्यांच्या फटीत उकिडवे बसलेले एक गृहस्थ हमखास दिसतात. अंगात बनियन, खाली बर्म्युडा, एका हातात जुना टूथब्रश आणि दुसऱ्या हातात पोटातून पिळलेली टूथपेस्टची नळी. समोर आठ-दहा वर्षं जुनी गाडी, तिचे हेडलाईट मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळट. हे हेडलाईटकाका. काका ही पदवी इथे वयाची नाही, वृत्तीची आहे. तिशीतले काकाही मुबलक सापडतात. येणारा-जाणारा थबकतो, ‘काय काका, गाडीला दात घासताय का?’ असा सोसायटीच्या स्थापनेपासून चालत आलेला विनोद करतो आणि लिफ्टमध्ये शिरता शिरता ‘कंजूष आहेत हो फार’ असा शेरा मारून जातो. विनोदाबद्दल तक्रार नाही, पण शेरा मात्र चुकीचा आहे. हेडलाईटकाका कंजूष नसतात. त्यांचा दोष निराळा आहे आणि तो शेरा मारणाऱ्यांतही तेवढाच भरलेला आहे: चमक दिसली की काम झालं, असं त्यांना मनापासून वाटतं.

कंजूषपणाचा आरोप आधी निकालात काढू. खरा कंजूष माणूस हेडलाईटकडे बघतच नाही. दिवा पेटतोय ना, मग झालं, असं म्हणून तो पिवळ्या उजेडात खंबाटकी घाट उतरतो. काकांचा हिशेब वेगळा असतो. साध्या गाडीचासुद्धा एकेक नवा हेडलाईट काही हजारांना पडतो आणि एलईडीवाल्यांचा आकडा ऐकून तर आधी पाणी मागवावं लागतं. हे पैसे वाचवायला निघालेले काका वाटेत मास्किंग टेप घेतात, वॉटर पेपर घेतात, रबिंग कंपाउंडची डबी घेतात, ड्रिलला लावायचं बफिंगचं पॅड घेतात आणि ते पॅड घरच्या ड्रिलला बसत नाही म्हणून नवीन ड्रिलही घेतात. एवढ्या सगळ्यात अख्खा रविवार जातो तो वेगळाच. ज्याला पैसेच वाचवायचे आहेत तो असले उद्योग करत नाही. वस्तू फेकण्याआधी एकदा खोलून बघावी, या जुन्या संस्काराचे काका हे शेवटचे शिलेदार आहेत, आणि त्याबद्दल त्यांना मान द्यायला हवा.

घोटाळा होतो तो रोगनिदानात. काकांच्या मते हेडलाईटवर मळ बसलेला असतो, आणि मळ म्हटला की घासणं आलं. म्हणून टूथपेस्ट, मग खायचा सोडा आणि लिंबू, आणि तेही संपलं की देवघरातली तांब्या-पितळेची पावडर, अशी मोहीम स्वयंपाकघराच्या कडेकडेने पुढे सरकत जाते. पण तो मळ नसतोच. अँबेसेडर आणि पद्मिनीचे गोल दिवे काचेचे होते. ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आजच्या गाडीच्या दिव्याचं पुढचं आवरण पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं असतं. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केलं. काचेच्या निम्म्या वजनाचं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं आणि हवा तो आकार घेणारं. १९८३ मध्ये अमेरिकेने ठरावीक मापाच्या सीलबंद दिव्यांची सक्ती सोडली आणि प्लास्टिकच्या आवरणाला वाट मोकळी झाली. या गुणी पदार्थात दोन खोडी आहेत: त्याच्यावर चरे लवकर पडतात आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन हा थर मरतो, त्याला बारीक तडे जातात, खालचं प्लास्टिकही पिवळं पडू लागतं आणि उजेड पुढे जाण्याऐवजी इकडेतिकडे विखुरतो. नेमून दिलेल्या पार्किंगमध्ये गाडीच्या एकाच अंगाला ऊन लागत असेल, तर त्या बाजूचा हेडलाईट आधी जातो. काका याचा दोष उजव्या बाजूला गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याला देतात. खरा गुन्हेगार रोज सकाळी पूर्वेला उगवत असतो.

आता टूथपेस्टकडे वळू. ती अगदीच खोटी नाही, आणि म्हणूनच फसवी आहे. तिच्यात दातांवरचा थर काढण्यासाठी घातलेले बारीक कण असतात. ते मेलेल्या थराचा वरचा पापुद्रा थोडा खरवडतात आणि ओली काच क्षणभर नव्यासारखी दिसते. काका नेमका हाच क्षण पकडतात. काचेच्या मध्यावर टेपची पट्टी, अर्धी बाजू पिवळी, अर्धी लख्ख, आणि फोटो थेट सोसायटीच्या ग्रुपवर. ‘क्या बात है काका’, ‘माझीपण करून द्या’, अंगठे, टाळ्या. काही आठवड्यांत काच पुन्हा धुरकटते, कारण उरलासुरला कवचाचा थरही आता घासला गेलेला असतो आणि उघडं प्लास्टिक उन्हात उभं असतं. पण तोवर ग्रुप टँकरच्या बिलावर भांडायला लागलेला असतो. दुसरा फोटो कोणी मागत नाही आणि काकाही तो टाकत नाहीत.

याहून रीतसर पद्धत आहे आणि ती काकांना माहीतही असते. कडेच्या पत्र्याला टेप लावायची, मग पाणी मारत ८०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून १५००, २००० आणि ३००० पर्यंत एकाहून एक बारीक कागद फिरवायचे, दर वेळी घासायची दिशा बदलायची म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते कळतं. त्यानंतर कंपाउंडने पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. पण पहिलाच कागद फिरला की काच पांढरीफटक पडते. नेमका तेव्हाच प्रेक्षक जमतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘काका, वाट लावलीत!’ इथे काका घाबरून मधले दोन कागद गाळतात आणि थेट पॉलिशवर उडी मारतात. आणि शेवटचा क्लिअर कोट? पॉलिश झालेल्या काचेवर तो दिल्याने दिसण्यात काही फरक पडत नाही. त्याचा फोटो निघत नाही, त्यावर अंगठे येत नाहीत. शिवाय हार्डनर घालून वापरायचा कोट असेल तर चांगला मास्क लावून मोकळ्या हवेत तो फवारावा लागतो आणि वाळेपर्यंत गाडी धुळीपासून जपावी लागते. म्हणजे सर्वांत महत्त्वाचं काम तेच, जे कोणालाच दिसत नाही. काका हरतात ते इथे, अगदी शेवटच्या पायरीवर.

यावर एक शंका अशी निघते की शहरात खांबाखांबावर दिवे असताना हेडलाईटची एवढी काळजी कशाला? पण शहर संपलं की खांबही संपतात, आणि मग उरतो तो गाडीचाच उजेड. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत खूप खराब झालेल्या काचेतून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत असल्याचं दिसलं. काच उजळवल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे काकांचा उद्योग निरर्थक नाही, फक्त गाडी नवी होत नाही एवढंच. शिवाय विखुरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो; तो बिचारा अपर-डिपर मारतो आणि काका म्हणतात, ‘लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही.’ दुसरी शंका, हे काम तज्ज्ञाला का देऊ नये? जरूर द्यावं, पण तिथेही नुसतं कंपाउंड फिरवून चकाकती गाडी हातात देणारे आहेतच, आणि गिऱ्हाईक खुश होऊन जातं. प्रश्न घरचं की बाहेरचं हा नाही. शेवटचा थर चढला की नाही, हा आहे. गच्चीची गळती तशीच ठेवून गणपतीच्या आधी इमारतीला बाहेरून रंग देणारी कमिटी आणि टूथपेस्टवाले काका यांच्यात फरक फक्त क्षेत्रफळाचा आहे. त्यामुळे सोसायटीने काकांना हसण्याआधी आपल्या भिंतीवरची ओल बघावी.

तेव्हा पुढच्या रविवारी काका दिसले तर दातांचा विनोद करू नका. काच पांढरी पडली तरी ‘चालू द्या, अजून दोन कागद बाकी आहेत’ एवढं म्हणा आणि क्लिअर कोट आणलाय का ते विचारा. काकांनाही एकच सांगणं आहे: फोटो काढायचाच असेल तर सहा महिन्यांनी काढा. आणि दिव्याला आतून ओल धरली असेल, काच चिरली असेल किंवा आतला चकचकीत रिफ्लेक्टर जळाला असेल, तर बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. तिथे रविवार वाया घालवू नका, सरळ नवा हेडलाईट बसवा.