जोशींचा वाढदिवस आणि आमचा लॅपटॉप

घरी नवा लॅपटॉप आला की लोक आधी किंमत विचारतात, मग "एवढ्याला?" म्हणतात आणि तिसऱ्या वाक्याला अँटीव्हायरसवर येतात. दुकानदार तर बिल करता करताच म्हणाला होता, "सर, अँटीव्हायरस टाकून देऊ ना? एक युजर, तीन वर्षं. झेरॉक्सवाल्याकडच्या पेनड्राइव्हचं काही सांगता येत नाही." हे वर्मी लागलं. प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह परत येतो तेव्हा आतल्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक बाण उगवलेला असतो. खरे फोल्डर दडी मारून बसतात आणि त्यांच्या नावाने भलताच कोणीतरी ओ देतो. हा अनुभव ज्याला नाही, त्याने आयुष्यात एकही सरकारी अर्ज भरलेला नसावा.

खालच्या मजल्यावरच्या काकांचं मत एका ओळीचं आहे : "आपल्या माणसाचं घ्या." म्हणजे क्विक हील. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले, धाकट्या भावाला त्यांनी कॉम्प्युटर शिकायला लावलं आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमधले व्हायरस काढायला त्या भावाने, संजयने, जे प्रोग्रॅम लिहिले त्यांतून नव्वदच्या दशकात ही कंपनी उभी राहिली. काका हे अशा थाटात सांगतात, जणू सोल्डरिंग करताना बल्ब यांनीच धरला होता.

पण आपली माणसं दोन्ही बाजूंना असतात, हे काका सांगत नाहीत. १९९० साली भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव जोशी. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये वर्षभर बिनबोभाट राहायचा आणि पाच जानेवारीला मशिन अडवून पडद्यावर एकच मागणी करायचा : 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की मशिन मोकळं! कोण जोशी, कुठले जोशी, याचा पत्ता नाही. पण 'कृपया आहेर आणू नये' हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळणारा दुसरा जोशी मला माहीत नाही. त्याच्या आधीचा, १९८६ चा लाहोरचा 'ब्रेन' तर आणखी सभ्य. लिहिणाऱ्या दोघा भावांनी त्यात स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. हल्लीचे व्हायरस इतके सरळ नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात आलेल्या 'वॉनाक्राय'ने लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागितले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठवली होती, पण अपडेटची खिडकी दिसली की 'नंतर आठवण करा'वर बोट जाणं हा जागतिक धर्म आहे.

आता आमच्या लॅपटॉपचं. त्यात कारखान्यातूनच एक अँटीव्हायरस बसून आला होता, महिनाभर फुकट. नाव घेत नाही. पहिल्या दिवसापासून त्याने उजव्या कोपऱ्यातून डोकं काढून "आपण धोक्यात आहात!" असा धोशा लावला. काय धोका, ते विचारलं की थेट पैसे भरण्याचं पान. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीन शेअर केली होती, तेव्हा साहेबांसकट सर्वांनी माझ्या धोक्याची बातमी लाल अक्षरांत वाचली. शेवटी काढायला गेलो, तर "खरंच काढायचं?" मग "का सोडून जाताय?" आणि खाली कारणांची यादी. त्यात 'तुमच्या कटकटीला कंटाळून' हे कारण नव्हतं, म्हणून 'इतर'वर खूण केली. रीस्टार्ट केल्यावर साहेब पुन्हा कोपऱ्यात हजर, "परत या, अर्ध्या किमतीत." न विचारता घरात शिरणं, कामात लुडबुड, पैशांची मागणी आणि हाकलल्यावर चिकटून राहणं, व्हायरसची ही सगळी लक्षणं लॅपटॉपभर एकाच प्रोग्रॅममध्ये सापडली. जोशी परवडले.

मग मेहुणा आला. तो आयटीत आहे. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेचे निकाल त्याने उघडले. संरक्षण, वेग आणि वापर, प्रत्येकी सहा, एकूण अठरा गुण. बघतो तर जो तो साडेसतरा नाहीतर अठरा! आपला दहावीचा निकालच. सगळेच डिस्टिंक्शनमध्ये, मग प्रवेश द्यायचा कुणाला? "दाजी, विंडोजमधला डिफेंडर फुकट आहे आणि तोही याच यादीत आहे," मेहुणा म्हणाला. शिवाय दोन अँटीव्हायरस एकत्र नांदवले तर एकमेकांनाच चोर समजतात, हेही त्याने सांगितलं.

माझा फुकटावर विश्वास बसेना, तेव्हा त्याने नोटपॅडमध्ये अडुसष्ट अक्षरांची एक ओळ चिकटवली. 'आयकार' नावाची ही निरुपद्रवी ओळ मुद्दाम चाचणीसाठी ठरवलेली आहे. ती दिसली की अँटीव्हायरसने बोंब मारायची. सेव्ह करताच डिफेंडरने बोंब मारली आणि फाइल गायब. मी डिफेंडर ठेवला, वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घेतली, आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवू लागलो. कपाटापर्यंत अजून कुठला व्हायरस पोचलेला नाही.

त्याच संध्याकाळी आई मोबाइल घेऊन आली. "तुझ्या लॅपटॉपला औषध मारलंय ना? मग ही वन्संकडची पत्रिका त्यात उघड. माझ्यात उघडेना." सांगलीच्या आत्याच्या नंबरवरून आलेली फाइल. नाव 'लग्नपत्रिका', शेपूट एपीके. माझ्या पोटात गोळा. असलं अ‍ॅप फोनमध्ये शिरलं की ओटीपी वाचतं आणि ओळखीच्या सगळ्यांना तीच पत्रिका धाडतं.

"तू काय काय दाबलंस?"

"काही नाही. माझे मेसेज वाचायची परवानगी मागत होती. पत्रिका मी वाचायची, ती माझे मेसेज कशाला वाचते? नाही म्हटलं."

मी ते अ‍ॅप शोधून उडवेपर्यंतही तिला धीर निघेना. तिने लँडलाइनवरून सांगलीला फोन लावला. "काय वन्सं, पत्रिका मिळाली हो! मुहूर्त कधीचा?" आत्या पलीकडून इतकी ओरडली की मला इथे ऐकू आलं. सकाळपासून अख्खं गोत तिला हेच विचारत होतं. धाकट्याचं लग्न तर गेल्या वैशाखात झालं, आणि आई पंक्तीत तिच्या शेजारीच बसली होती.

"बरं, असू दे," आई म्हणाली, "सुनेला माझे आशीर्वाद सांगा," आणि फोन ठेवला.