मामांचं भारमान

आमचे मामा एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. त्याला आता चौदा वर्षं झाली, पण घरातून कोणी "निघतो" म्हणालं की अजून त्यांची नजर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. गेल्या महिन्यात नागपूरला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. पुण्याहून रात्रभर गुडघे दुमडून बसणं आता जमत नाही, म्हणून मुलाने हट्टाने विमानाचं ठरवलं आणि तिकीट काढून त्यांच्यासोबत जायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

लॅपटॉपवर भाडं दिसलं चार हजार तीनशे. मामा म्हणाले, "थांब, चष्मा आणतो." चष्मा सापडून, धोतराच्या सोग्याला पुसून नाकावर चढेपर्यंत ते पाच हजार शंभर झालं होतं.

"हे कोणी वाढवलं?"

"कोणी नाही मामा, सिस्टीम वाढवते."

"आमच्या वाहकाने असं केलं असतं तर चेकिंगवाल्यांनी मधल्याच थांब्यावर गाडीत चढून केस केली असती. दिवाळीत दहा टक्के हंगामी दरवाढ केली तरी आठवडाभर पेपरात शिव्या खायचो आम्ही."

मी चार गोष्टी वाचलेल्या, त्यामुळे समजावण्याची खाज होतीच. म्हटलं, मामा, विमानाची खुर्ची म्हणजे कोथिंबिरीची जुडी. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. उद्या दोनदा विकता येत नाही.

"ते मला नको शिकवूस. शंभर जागांत किती भरल्या, त्याला भारमान म्हणतात," मामा म्हणाले. "पण मंडईत जुडी सकाळी वीसला असते आणि दिवे लागले की दहाला दोन. तुमच्या विमानात दिवे लागले की जुडी दोनशेला. हे कुठलं गणित?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर एवढंच की संध्याकाळी मंडईत गेलेला माणूस कोथिंबिरीवाचून घरी परत येऊ शकतो. आदल्या रात्री विमानाचं तिकीट शोधणारा माणूस हौसेने शोधत नसतो. त्याचा बाप दवाखान्यात असतो, नाहीतर साहेबाने सकाळी दहाला बोलावलेलं असतं. त्याची नड सिस्टीमला कळते. आपल्याकडे पूर्वी हे ज्ञान सावकाराला असायचं, फक्त त्याच्याकडे संगणक नव्हता.

संगणक अमेरिकेने दिला. तिथे १९७८ पर्यंत विमानाचं भाडं सरकार ठरवायचं. ते बंधन उठलं आणि १९८१ मध्ये पीपल एक्सप्रेस नावाची कंपनी मातीमोल भावात लोकांना उडवायला लागली. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी तिच्याशी भांडण केलं नाही. त्यांनी आपल्याच विमानातल्या थोड्या खुर्च्या तितक्याच स्वस्त केल्या, पण फक्त आधी ठरवून येणाऱ्यांसाठी. उरलेल्या घाईवाल्यांसाठी महाग ठेवल्या. किती खुर्च्या कुठल्या भावात, हे संगणक रोज ठरवायचा. पीपल एक्सप्रेसकडे लोक होते, विमानं होती, तसा संगणक नव्हता. १९८७ मध्ये ती दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली.

याच क्रँडल साहेबांनी प्रवाशांच्या सॅलडमधून एकेक ऑलिव्ह काढून टाकलं आणि वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात आजही सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात.

"ऑलिव्ह म्हणजे?"

"करवंदाएवढं असतं. खारवलेलं."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या स्टँडवरच्या कँटीनवाल्याने कांदाभज्यांतून कांदा काढला होता. त्याला कुठल्या वर्गात बोलावल्याचं ऐकलं नाही."

एवढी हुशारी, एवढे संगणक, तेव्हा कंपन्या बक्कळ कमावत असतील असा मामांचा सरळ समज. इथे मला हसू आवरेना. जगभरच्या विमान कंपन्यांची संघटना आहे, आयाटा. तिच्याच अंदाजाप्रमाणे २०२५ सारख्या बऱ्या वर्षातही कंपनीला एका प्रवाशामागे निव्वळ नफा सुटतो सात डॉलरच्या आसपास. म्हणजे सहाशे-साडेसहाशे रुपये. विमानतळावर दोघांनी चहा आणि वडापाव घेतला तर दुकानदाराचा गल्ला त्याहून जास्त भरतो, आणि त्याला पायलट ठेवावा लागत नाही.

विमान कंपनी चालवणं म्हणजे धंदा नव्हे, लग्न काढणं आहे. मांडववाला कमावतो, आचारी कमावतो, बँडवाला कमावतो, कार्यालयाचा मालक तर वर्षभराचं कमावतो. कर्जात जातो तो एकटा यजमान, आणि फोटोत छाती काढून उभाही तोच असतो. मोठी विमानं विकणारी दुकानं जगात दोन, बोइंग आणि एअरबस. पटलं नाही तर दुसरीकडे जा, म्हणजे पलीकडच्या रांगेत दहा वर्षं उभे राहा. इंधन म्हणाल तर आपल्याकडे खर्चाचा तिसरा हिस्सा, कधी चाळीस टक्केसुद्धा तेच पितं. ते जीएसटीत नाही, कारण प्रत्येक राज्याला त्यावर आपला व्हॅट हवा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडात तो पंचवीसवरून अठरा टक्के केला, तर त्याचं आहेर दिल्यासारखं कौतुक झालं. विमानतळ उतरण्याचे पैसे घेतो, उभं राहण्याचे घेतो. आणि सगळ्यात गंमत भाड्याची. आपण ज्याला अमक्या कंपनीचं विमान म्हणतो ते बहुतेक वेळा तिचं नसतंच. घाऊक शेकड्याने मागणी नोंदवायची, त्यावर सवलत मिळवायची, विमान हातात पडताच ते भाडेकंपनीला चढ्या भावात विकायचं आणि त्याच दिवशी तिच्याकडून भाड्याने घ्यायचं. भाडं डॉलरात. तिकिटं रुपयात. रुपया घसरला की मुहूर्तावर सोनं महाग व्हावं तसं.

"म्हणजे दागिने सराफाला विकून लग्नापुरते त्याच्याकडूनच भाड्याने," मामा म्हणाले. "आणि वरमाय तरी मिरवणार."

मिरवण्याची हौस नसती तर हा धंदा भारतात उभाच राहिला नसता. नव्वदच्या दशकात सरकारी मक्तेदारी सुटली तेव्हापासून ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा अशी नावं आभाळात उमटली आणि पुसली गेली. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली, काही खुर्च्या एक रुपयाला विकल्या आणि आर. के. लक्ष्मण यांचा तो चौकडीच्या कोटातला सामान्य माणूस कंपनीचं चिन्ह म्हणून घेतला. बिचारा आयुष्यभर काही न बोलता सगळं पाहत होता, शेवटी उडाला. पण २००७ मध्ये विजय मल्ल्या यांनी ती कंपनी घेतली, सामान्य माणूस खाली उतरला आणि त्या जागी मल्ल्यांच्या किंगफिशरचा लाल पक्षी बसला. किंगफिशरने एकाही वर्षी नफा केला नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात पक्षीही उतरला. जेट एअरवेजने सहारा १,४५० कोटींना घेऊन २००७ मध्येच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तो पुरता पडायला मात्र १७ एप्रिल २०१९ उजाडला. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट इंजिनं मिळत नाहीत म्हणून दिवाळखोरीत गेली.

आणि एअर इंडियाचा महाराजा! टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणून सुरू केलेली कंपनी सरकारने १९५३ मध्ये घेतली आणि २७ जानेवारी २०२२ ला त्यांच्याच पदरात परत घातली. व्यवहार अठरा हजार कोटींचा, त्यातली रोख फक्त २,७०० कोटी. कर्ज होतं एकसष्ट हजार कोटींच्या वर. त्यातलं १५,३०० कोटी टाटांनी पत्करलं, उरलेलं सरकारने म्हणजे तुम्ही-आम्ही ठेवून घेतलं. लेक सासरी धाडली आणि तिच्या वाणसामानाची उधारी बापाच्या वहीत राहिली. ज्याने आयुष्यात विमानाची शिडी चढलेली नाही, त्याचाही या उधारीत वाटा आहे. यालाच बहुधा सर्वसमावेशक हवाई वाहतूक म्हणत असावेत.

मामांना यातलं काही नवल वाटलं नाही. एस.टी.चा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या पुढे आहे, हे त्यांना पाठ आहे. "पण आम्ही तोट्यातली फेरी का सोडतो? तर वाडीवरची पोरं शाळेला येतात म्हणून," ते म्हणाले. मी त्यांना उडान योजना सांगितली. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार, फरक सरकार भरणार, तेही तीन वर्षं. सिंधुदुर्गात चिपीला २०२१ मध्ये केवढ्या थाटात विमान उतरलं! अनुदानाची मुदत सरली तशी मुंबईची फेरीही सरली. "मुक्कामी गाडी असती तर सरपंचाने अडवून ठेवली असती," मामा म्हणाले.

त्यांचा खरा संताप झाला तो डिसेंबर २०२५ च्या गोंधळावर. तो त्यांच्या खात्यातला विषय. वैमानिकांना आठवड्याला छत्तीसऐवजी सलग अठ्ठेचाळीस तास विश्रांती, रात्रीचं उतरणं सहाऐवजी दोनदाच, हे नियम २०२४ च्या जानेवारीतच छापून आले होते. ते पुरते लागू झाले १ नोव्हेंबर २०२५ ला. देशातले शंभरातले साठहून जास्त प्रवासी नेणाऱ्या इंडिगोला महिन्याभराने लक्षात आलं की वैमानिक कमी आहेत. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फेऱ्या रद्द. विमानतळांवर बॅगांचे ढीग, माणसं त्यावर झोपलेली.

"चालक किती, गाड्या किती, रजेवर किती, हे आम्ही पाटीवर खडूने लिहायचो," मामा म्हणाले. "मग सरकारने काय केलं?"

"त्या कंपनीला नियमातून काही आठवडे सूट दिली. आणि तिकिटांना कमाल दर बांधून दिले."

"म्हणजे पोराने अभ्यास केला नाही म्हणून पेपर पुढे ढकलला."

असो. तिकीट अखेर पाच हजार सहाशेला पडलं. त्यावर खुर्ची निवडायचे वेगळे. मामांनी विचारलं, खुर्ची नाही निवडली तर उभं राहायला लागतं का? नाही म्हटल्यावर ते पैसे वाचले. शिवाय सुविधा शुल्क. म्हणजे काम मी करायचं, लॅपटॉप माझा, वीज माझी, आणि सोय केल्याबद्दल पैसे त्यांना.

विमानतळावर मोठी बॅग भरली सोळा किलो चारशे. मर्यादा पंधरा. काउंटरवरची मुलगी अतिशय गोड आवाजात जादा किलोचा भाव सांगत होती. मामांनी तिथेच फरशीवर बॅग उघडली, आहेराची तांब्याची कळशी काढली, बेसनलाडवांचा डबा तिच्यात उतरवला आणि कळशी कडेवर घेऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिले. विमान तेच, माणूस तोच, कळशी तीच. बॅगेतून कडेवर आली की तिचं वजन उतरलं.

आत बसल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली. खिडकीतल्या पोराने दीड महिन्यापूर्वी घेतलेलं, तीन हजार दोनशे. पलीकडच्या बाईंनी काल रात्री, अकरा हजार. पुढच्या रांगेतला औषध कंपनीचा माणूस म्हणाला, कंपनी भरते, बघितलं नाही. मामांनी समोरच्या खिशातली उलटीची कागदी पिशवी काढली आणि तिच्यावर लॉगशीट मांडलं. रांगा मोजल्या, रिकाम्या खुर्च्या मोजल्या, बेरीज केली, खाली दोन रेघा ओढल्या. "शंभराला ब्याण्णव भारमान. एवढं आम्हाला गणपतीत मिळतं."

विमान वीस मिनिटं आधी उतरलं. पट्टा सोडू नका सांगणाऱ्या बाईंनी वेळेआधी पोचल्याबद्दल आपल्याच कंपनीचं अभिनंदन केलं. मामांनी घड्याळ पाहिलं आणि मला कोपर मारलं. "एक तास पाच मिनिटांच्या रस्त्याला वेळापत्रकात एक तास पस्तीस लिहिलेत. मीपण लिहायचो, घाटातल्या गाड्यांना."

मग ती वीस मिनिटं विमान लांब मैदानात उभं राहिलं, कारण शिडी आली नव्हती. शिडी आली, खाली उतरलो, तर समोर बस. बसायला दहा-बारा जागा, बाकी दांड्या. दोन मिनिटांत ती ठासून भरली. कोणाच्या बॅगेचं चाक कोणाच्या पायावर, कळशी माझ्या बरगडीत. विमानाच्या तिकिटातला बेतालपणा इथे संपला. अकरा हजारवाल्या बाई आणि तीन हजार दोनशेवाला पोरगा एकाच दांडीला लोंबकळत होते. मामांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला. त्यांनी मान वर करून दाटीवर एक सराईत नजर फिरवली.

"दीडशेच्या वर भारमान," ते म्हणाले. "सबंध धंद्यात हीच एक गाडी फायद्यात पळायची, तर हिला तिकीटच नाही."

आणि त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. चालक जुना असावा. गाडी हलली.