पिन कुठे टोचायची?

राष्ट्रीय उद्यानांच्या सहलीचं नियोजन करून देणारं संकेतस्थळ खान्देशासाठी काढायचं, असं आमच्या मंडळाने जळगावात ठरवलं. पैसे देणारा भेटला, आराखडा करणारा पुण्याहून आला, समिती बसली. राष्ट्रीय उद्यान तेवढं राहिलं. महाराष्ट्रात ती सहा आहेत आणि खान्देशाच्या वाट्याला एकही नाही. आमच्याकडे आहेत ती अभयारण्यं: १९६९ सालचं यावल, शिरपूर तालुक्यातलं अनेर, आणि चाळीसगावला टेकलेलं गौताळा. पण “अभयारण्याला क्लिक पडत नाहीत,” असं आराखडेकार म्हणाला, तेव्हा यावलला तिथल्या तिथे बढती मिळाली. सरकारला जे पन्नासेक वर्षांत जमलं नाही ते आम्ही चहा येईपर्यंत केलं.

मुखपृष्ठावर वाघ हवा, याबद्दल दुमत नव्हतं. मुक्ताईनगरचे सभासद म्हणाले, “वाघ आमच्याकडे आहे की! डोलारखेडा, वढोदा भागात. केळीच्या बागेतही येतो.” आराखडेकाराचा चेहरा उतरला. केळीच्या घडाखाली बसलेला वाघ पर्यटकाला विश्वासार्ह वाटत नाही म्हणे. मागे सागाचं झाड लागतं. मग सभासदांनी रात्रीच्या सफारीची माहिती दिली: जीप नाही, गाइड नाही, तिकीट नाही, शेतकरी हातात बॅटरी घेऊन एकटाच केळीला पाणी भरायला जातो. आराखडेकार खूश झाला. “याचे स्लॉट ऑनलाइन देता येतील का?” सभासद म्हणाले, “स्लॉट आम्ही ठरवत नाही, साहेब. पंपाला वीज कधी सोडायची ते दुसरेच ठरवतात.”

छायाचित्रांसाठी जंगलात जायचा विषय निघाला तो मे महिन्यात. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. तेव्हा एकाला चाळीसगावचे केकी मूस आठवले. या माणसाने आयुष्याची कित्येक दशकं घराबाहेर सहसा पाऊल न टाकता काढली, टेबलावर देखावे मांडून त्यांची छायाचित्रं घेतली आणि जगभरची पारितोषिकं मिळवली. समितीने मूस यांच्याकडून घराबाहेर न पडणं तेवढं उचललं.

सुविधांच्या पानावर मात्र आम्ही अस्सल स्थानिक तंत्रज्ञान वापरलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसराचं नाव गणिती भास्कराचार्यांशी जोडलेलं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख तिथलाच. शून्याने भागल्यावर जी राशी येते तिला आचार्यांनी ‘खहर’ म्हटलं आहे. आमचं संकेतस्थळ पर्यटकांच्या संख्येला स्वच्छतागृहांच्या संख्येने भागेल आणि भाजक शून्य आला की पडद्यावर ‘खहर’ असं दाखवेल. तक्रारीला जागा नाही, परंपरेचा अभिमान फुकट.

सहलीचं वेळापत्रक आखताना थोडा घोळ झाला. संकेतस्थळ म्हणतं, पहाटे सहाला फाटकावर हजर राहा. पण हिवाळ्यात खान्देशी मंडळी यावलच्या जंगलातल्या पालला निघाली की सोबत वांग्यांचं पोतं असतं. दहाला काड्यांवर वांगी भाजायला घेतात, बाराला भरीत कुटायला बसतात, आणि जेवल्यावर ज्याला अस्वल दिसतं तो बहुधा लवंडलेला मित्र असतो.

आता नकाशावरच्या पिनेकडे वळू. चुकीच्या पत्त्याने काय होतं, हे रानपिंगळा या छोट्या घुबडाइतकं कोणाला माहीत नसेल. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खान्देशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. पुढे मायनर्टझहागेन नावाच्या लष्करी साहेबाने जाहीर केलं की आपल्याला तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला. प्रत्यक्षात साहेबाने संग्रहालयातला जुना नमुना लांबवून, उसवून, पुन्हा भरून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. (आराखडेकाराने इथे वही काढली.) त्या चिठ्ठीच्या भरवशावर शोधणारे भलतीकडे शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, सहकाऱ्यांसह त्यांना रानपिंगळा दिसला. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारा पक्षी ११३ वर्षं कोणाला सापडत नव्हता! आणि सापडून वर्ष होतं न होतं तोच १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पिंगळ्याचा पत्ता पुन्हा बदलला.

ही हकिगत ऐकून समिती गंभीर झाली. पिन अचूकच टोचायची असा ठराव झाला. मग अडचणी निघाल्या. सातपुड्यात आत टोचली तर मोबाइलला रेंज नाही. अनेरच्या काठी टोचली तर प्रायोजकाचं हॉटेल लांब पडतं. शेवटी जळगावात महामार्गालगतची एक ऐसपैस पार्किंगची जागा एकमताने पसंत पडली. बैठकीला आलेले शिरपूरकडचे वाटाडे इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “भो, तठे जंगल कोठे शे?”

“ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ,” आराखडेकार म्हणाला, आणि त्याने तसा अंदाजपत्रकात ‘इतर सुविधा’ या सदराखाली रकाना आखलासुद्धा.